खळ धुतल्यावर

गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात जाणतं गिऱ्हाईक रंगाला भुलत नाही. गादीवर ताका उलगडला की ते कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरतं आणि चोळतं. बोटाला पांढरी भुकटी लागली तर समजायचं, खळ जास्त चढवलीय. खळीनं विरळ कापडही कडक, भरीव वाटतं. एका धुण्यात खळ निघून जाते आणि खरा पोत उघडा पडतो. म्हणून आधी कोपरा चोळायचा, मग कापड उजेडासमोर धरून वीण बघायची, काठ सरळ गेलाय का ते बघायचं आणि मगच भाव विचारायचा. इतवारी आणि महालाला लागून असलेल्या या बाजारात ही रीत कुणी कुणाला वेगळी शिकवत नाही. नोकरीला लागलेलं पोर बघत बघत शिकतं.

मालाचा कस लावणं हे नागपूरला नवं नाही. कोष्ट्यांच्या मागावरची लुगडी इथल्या बाजारानं पारखली. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि सूत, वीण, वजन यांची मोजदाद गिरणीच्या शिस्तीनं होऊ लागली. शेतमालाची प्रत ठरवणारा ॲगमार्कचा कायदा 1937 चा. त्या शिक्क्याची मध्यवर्ती प्रयोगशाळाही नागपुरातच आहे. हळदीच्या किंवा मिरचीपुडीच्या पुड्यावर शिक्का बसायचा तर आतला माल आधी कुठेतरी तपासला गेला पाहिजे, हे तत्त्व या शहराच्या चांगलं परिचयाचं आहे.

पण एम.ए.ची पदवी कशी चोळून बघायची?

नागपूर विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांना इथे सगळे 'पीजीटीडी' म्हणतात. अशा विभागातून दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दोन वर्षांत नेमकं काय मिळालं, हे ठरवायचं कसं आणि कुणी? या प्रश्नाचं आजचं उत्तर एका छोट्या शब्दात सांगतात: नॅक. 'राष्ट्रीय मूल्यांकन आणि मानांकन परिषद' हे तिचं पूर्ण नाव बोलताना कुणी घेत नाही. "तुमच्या कॉलेजचं नॅक झालं का?" असं सोयरीक जुळल्याच्या सुरात विचारतात. शब्दाचं वय तीस वर्षांच्या थोडं पुढे असलं, तरी त्याचं कूळ बरंच जुनं आहे.

त्यातला सगळ्यात जुना पूर्वज म्हणजे बाहेरचा परीक्षक. इंग्लंडमध्ये 1832 मध्ये डरहॅम विद्यापीठ निघालं तेव्हा नव्या पदवीवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून परीक्षेला ऑक्सफर्डचे परीक्षक आणले गेले. शिकवणारा एक आणि पारखणारा दुसरा, अशी ही वाटणी. 1836 च्या लंडन विद्यापीठानं तर शिकवणं कॉलेजांवर सोडलं आणि स्वतःकडे फक्त परीक्षा ठेवली. 1854 च्या वुडच्या खलित्यानं हाच नमुना हिंदुस्थानासाठी निवडला. त्यातून 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं उभी राहिली.

नागपूर या व्यवस्थेच्या अगदी कडेला होतं. हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं. दोन्ही आधी कलकत्त्याला आणि नंतर अलाहाबादला जोडलेली होती. शिकायचं नागपुरात आणि पदवी घ्यायची शेकडो मैलांवरच्या विद्यापीठाची! या दूरच्या कारभाराची एक बाजू चांगली होती. परीक्षकाला विद्यार्थ्याचं आडनाव, गाव किंवा शिक्षकाचा वशिला माहीत नसे. दुसरी बाजू मात्र वाईट होती. वर्गात शिकवलं काय जातं, ग्रंथालयात पुस्तकं आहेत का, प्रयोगशाळेतली उपकरणं चालतात का, हे कुणी बघायला येत नसे. उत्तरपत्रिका म्हणजे कापलेला नमुना. ताका तसाच गुंडाळलेला राहायचा.

ताका उलगडायला लावला 1904 च्या विद्यापीठ कायद्यानं. संलग्न कॉलेजांची ठरावीक काळानं प्रत्यक्ष तपासणी व्हावी, अशी तरतूद त्यात आली. आज विदर्भातल्या कॉलेजात 'स्थानिक चौकशी समिती येणार' म्हटल्यावर जी धावपळ उडते, तिचं मूळ इथे सापडतं. पुढे 4 ऑगस्ट 1923 ला नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. सहा कॉलेजं, 927 विद्यार्थी आणि पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, एवढा सुरुवातीचा संसार. आता पदवी आपली, तशी तिच्या दर्जाची जबाबदारीही आपलीच झाली.

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत एका गृहस्थानं हाच प्रश्न पदव्युत्तर शिक्षणाबाबत विचारला. ओहायोतल्या मायामी विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड ह्यूज. आपले पदवीधर पुढच्या शिक्षणासाठी कुठे पाठवावेत, हा त्यांच्यापुढचा व्यवहाराचा प्रश्न होता. त्यांनी आपल्याच प्राध्यापकांकडून विषयवार जाणकारांच्या याद्या करून घेतल्या आणि त्या जाणकारांना पत्रं घातली: तुमच्या विषयात कोणकोणत्या विद्यापीठांचे विभाग चांगले आहेत, ते क्रमानं सांगा. 20 विषयांची ही पाहणी 1925 मध्ये छापली गेली. पदव्युत्तर विभागांना क्रम लावण्याचा हा पहिला गाजलेला प्रयत्न.

ह्यूज यांचं एक म्हणणं मोलाचं होतं. विद्यापीठ एकसंध नसतं. त्याचा रसायनशास्त्राचा विभाग उत्तम आणि इतिहासाचा मोडकळीला आलेला असू शकतो, म्हणून पारखायचा तो विभाग. पण त्यांच्या पद्धतीतली उणीवही तेव्हापासून सोबत राहिली. जाणकार सांगत होते ते ऐकीव कीर्तीवरून. त्या विभागाच्या वर्गात जाऊन कुणी बसलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवरून कापडाची पारख करण्यासारखंच हे झालं. मोठं नाव आणखी मोठं होत गेलं आणि आडगावातला कष्टाळू विभाग यादीत कधी दिसलाच नाही.

अमेरिकी विद्यापीठांत याला पूरक अशी दुसरी रीतही रुळली. विभाग काही वर्षांनी स्वतःचा अहवाल स्वतः लिहितो: आम्ही काय शिकवतो, का शिकवतो, विद्यार्थी मधेच सोडून का जातात, पुढे काय करतात. मग दुसऱ्या विद्यापीठांतले दोन-तीन समव्यावसायिक येतात, अहवाल हातात घेऊन वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा फिरतात, विद्यार्थ्यांशी एकांतात बोलतात आणि आपलं मत लिहून देतात. आधी स्वतः बघायचं, मग दुसऱ्याला दाखवायचं. पुढे भारतात आलं ते हेच जोडपं.

इकडे स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा 1956 मध्ये झाला. त्याच्या 12 व्या कलमानं अध्यापन, परीक्षा आणि संशोधन यांचा दर्जा ठरवण्याचं आणि टिकवण्याचं काम आयोगावर सोपवलं. 1963 मध्ये आयोगानं निवडक विभागांना 'प्रगत अध्ययन केंद्र' म्हणून मदत सुरू केली. विभागाकडे विभाग म्हणून बघण्याची आपल्याकडची ही ठळक सुरुवात. मात्र ती थोड्यांपुरती राहिली आणि बाकीच्यांना आरसा दाखवणारं कुणी नव्हतं.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तो आरसा मागितला. त्यानंतर आयोगानं 15 जणांची समिती नेमली आणि अध्यक्ष केलं डॉ. वसंत गोवारीकरांना. हे नाव मराठी वाचकाला वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. अग्निबाणाच्या घन इंधनावर काम केलेला हा शास्त्रज्ञ तेव्हा दिल्लीत विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचा सचिव होता. त्याच काळात 16 घटकांवरून मॉन्सूनचा अंदाज बांधणारं प्रतिमान त्यांच्या पुढाकारानं तयार होत होतं. वारे, तापमान, बर्फ असे वेगवेगळे घटक एकत्र मांडून पावसासारख्या लहरी गोष्टीबद्दल काही सांगता येतं, असा विश्वास असलेला माणूस शिक्षणाच्या दर्जाकडे वळला होता. एका आकड्यावर भिस्त न ठेवता अनेक बाजूंनी बघायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

परिषद प्रत्यक्षात आली 1994 मध्ये, बंगळुरूला. तिचे पहिले संचालकही मराठीच: कोल्हापूरकडचे, पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे डॉ. अरुण निगवेकर. पुढे दोघंही पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आधी गोवारीकर आणि लगेच त्यांच्यामागून निगवेकर. निगवेकर नंतर अनुदान आयोगाचे अध्यक्षही झाले. नॅकच्या जन्मकथेतला हा मराठी हात आपल्याकडेच फारसा कुणाच्या लक्षात नाही, याची खंत वाटते.

परिषदेनं सात निकष ठरवले: अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन, संशोधन, भौतिक सोयी, विद्यार्थ्यांना आधार, कारभार आणि संस्थेनं स्वतः रुजवलेल्या चांगल्या प्रथा. संस्थेनं आधी 'सेल्फ स्टडी रिपोर्ट' लिहायचा, मग बाहेरच्या राज्यांतली 'पिअर टीम' भेटीला यायची. सुरुवातीला सगळं ऐच्छिक होतं. दर्जा ताऱ्यांत सांगत, एक ते पाच. 2002 मध्ये ताऱ्यांच्या जागी अक्षरं आली, 2007 पासून चारपैकी गुण आणि 2016 मध्ये 'ए प्लस प्लस'पर्यंतची सात पायऱ्यांची शिडी. दरम्यान 2012 च्या नियमांनी मूल्यांकन सक्तीचं केलं.

नागपूरला या पारखीची गरज कुणी पटवून द्यायची नव्हती. 1999 मध्ये विद्यापीठातला गुणवाढीचा घोटाळा उघडकीला आला. अटका झाल्या, खटले चालले. ज्या मुलांनी रात्री जागून खरा अभ्यास केला होता, त्यांची काही चूक नसताना त्यांच्याही गुणपत्रिकेवर त्या बातमीची सावली पडली. पदवीचा विश्वास सामायिक असतो, तो एकट्याचा सांभाळता येत नाही.

पिअर टीमची भेट चांगली झाली तर काय घडतं? समिती एखाद्या पीजीटीडीत येते. टेबलावर सात निकषांच्या सात फायली रंगीत खुणांसकट मांडलेल्या असतात. सदस्य त्या बाजूला सारतात आणि ग्रंथालयाचं देवघेवीचं रजिस्टर मागतात. गेल्या वर्षी एम.ए. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी किती पुस्तकं नेली? कुठली? पाठ्यपुस्तकांपलीकडचं एखादं नाव दिसतं का? मग प्रबंधिकांच्या गठ्ठ्यातली मधलीच एक उचलून मार्गदर्शकानं समासात काही लिहिलंय का ते बघतात. कोरा समास असेल तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. कोपरा चोळायचा तो असा.

अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठी 1994 मध्येच एनबीए ही वेगळी यंत्रणा आली. ती संस्था न पारखता एकेक अभ्यासक्रम पारखते. ह्यूज यांचाच धागा. तिनं प्राध्यापकाला विचारलं: हा पेपर शिकल्यावर विद्यार्थ्याला नक्की काय करता यायला हवं? उत्तर चार-सहा वाक्यांत लिहायचं, प्रत्येक वाक्य अभ्यासक्रमाच्या मोठ्या उद्दिष्टाशी जोडायचं आणि परीक्षेतला कुठला प्रश्न कुठलं वाक्य तपासतो ते तक्त्यात मांडायचं. मनापासून केलं तर हा तक्ता डोळे उघडतो. 'पुलाच्या तुळईचं संकल्पन करता येईल' असं वाक्य लिहायचं आणि पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत फक्त व्याख्या आणि टिपा निघायच्या, हे शिक्षकाला स्वतःच दिसतं. प्रश्नपत्रिका बदलली की शिकवणं बदलतं.

पण तोच तक्ता मार्चअखेर एका रात्रीत, शेजारच्या कॉलेजच्या फाईलवरून भरला की त्याची खळ होते. मधल्या वर्षांत हेच वाढलं. 2017 पासून गुणांचा मोठा हिस्सा ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर गेला. छायाचित्रं जिओटॅग केलेली हवीत, प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा हवा. पदव्युत्तर वर्गांचे शिक्षक तासांऐवजी पुराव्यांमागे धावू लागले. शिक्क्याला किंमत आली तसे शिक्का मिळवण्याचे वाईट मार्गही निघाले. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांना अटक केली. पारखी विकला जातो तेव्हा गावोगावचा प्रामाणिक विभाग ठकवला जातो. हा घाव एका संस्थेपुरता नाही.

त्याआधीच सुधारणेची हालचाल सुरू झाली होती. 2022 मध्ये केंद्रानं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते इस्रोचे माजी प्रमुख डॉ. के. राधाकृष्णन. थुंब्याच्या ज्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे गोवारीकर एकेकाळी संचालक होते, त्याच केंद्राचं संचालकपद यांनीही सांभाळलेलं. 2024 च्या जानेवारीत नॅकनं अक्षरांची शिडी काढून 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' एवढंच सांगायचं ठरवल्याचं जाहीर केलं. वरच्या दर्जासाठी वेगळ्या पातळ्या ठेवायचं ठरलं. अक्षरांची चढाओढ थांबेल, हा त्यामागचा विचार रास्त आहे. मात्र स्वतःचा अहवाल खरा लिहायची सवय नियमानं लागत नाही. ती विभागातल्या चार माणसांनी दार लावून एकमेकांशी स्पष्ट बोलायला बसावं लागतं, तेव्हा लागते.

या सगळ्या पसाऱ्यात 2017 मध्ये आलेली एक गोष्ट फारशी चर्चेत नसते. विद्यार्थ्याच्या ईमेलवर थेट नॅककडून एक प्रश्नावली येते. मधे प्राचार्य नाहीत, विभागप्रमुख नाहीत. सकाळी पीजीटीडीत एम.कॉम.चे तास करून दुपारी गांधीबागेत घरच्या दुकानात बसणारं पोर ती गठ्ठ्याला टेकून मोबाइलवर उघडू शकतं. पहिलाच प्रश्न आहे: वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? पर्याय पाच. '85 ते 100' पासून '30 च्या खाली'पर्यंत. पुढे शिक्षक तयारी करून येतात का, चुका दाखवतात का, असे प्रश्न. शेवटच्या, एकविसाव्या प्रश्नाला पर्याय नाहीत. शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा, एवढंच म्हटलंय आणि खाली रिकामी चौकट आहे.