पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९ : पत्रांच्या छाननीपासून पॅकेटांच्या चाळणीपर्यंत

१/ पेणच्या गणेशमूर्तींची मागणी नोंदवणारे एक पत्र आणि रोह्याच्या आत्याला लिहिलेले खुशालीचे दुसरे. दोन्ही नागपुरात एकाच पेटीत पडली, तर त्यांच्या वाटा कुठे वेगळ्या होतात? पिनकोड पाहा : पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९. पहिले पाच अंक सारखे; वाट फुटते ती शेवटच्या अंकावर. संगणकाच्या जाळ्यावर पहारा करणारी चाळणीही याच तत्त्वाचा आधार घेते. तिचा हा इतिहास.

२/ पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर : टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या, अपुरे पत्ते. छाननी करणाऱ्याला भूगोल मुखोद्गत असावा लागे. वेलणकरांनी तो भूगोल अंकांत उतरवला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी-जिल्ह्याचा आणि उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. नागपूरच्या कर्मचाऱ्याने ४०२ एवढे वाचले की पुरे. पेण कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसले तरी चालते.

३/ तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. त्याच जिल्ह्यातील पनवेल मात्र ४१०२०६ आणि उरण ४००७०२. छाननी-जिल्हा हा महसुली जिल्हा नव्हे. माहितीची रचना नकाशाला शोभावी म्हणून करायची नसते. ती विचारल्या जाणाऱ्या प्रश्नासाठी करायची असते.

४/ आता संगणकाकडे वळू. जाळ्यावरून माहिती लहान लहान पॅकेटांतून वाहते आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. १९९१ मध्ये कीथ स्क्लोवर यांनी बर्कली युनिक्सच्या कर्नेलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, मार्गसूचीसाठी वृक्षरचना मांडली. पत्त्याचा आरंभीचा जितका अधिक भाग जुळेल, तितका तो नियम ग्राह्य. पिनकोडचीच ही बहीण.

५/ पण टपाल खाते पत्र पोहोचवते. चाळणीला नकारही द्यावा लागतो. १९८७ मध्ये मोगल, रशीद आणि अॅसेटा यांनी कर्नेलमधील पॅकेट-चाळणीवर निबंध सादर केला. तिच्यात एकच तपासणी पुन्हा पुन्हा होई. १९९२ मध्ये स्टीव्हन मकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘बर्कली पॅकेट फिल्टर’ मांडला. त्यात प्रत्येक उत्तरानंतर वाट पुढेच जाते, मागे कधीच नाही. म्हणून बाहेरून आलेली चाळणी कर्नेलला अनंत फेऱ्यांत अडकवू शकत नाही. आधीच्या पद्धतीहून तिची तपासणी वीसपटीपर्यंत वेगवान ठरली.

६/ अडचण उरली ती नियमांच्या संख्येची. नियम पाठवणारा, घेणारा आणि पोर्ट या साऱ्यांविषयी एकदम बोलतो. एका पत्त्याचा वृक्ष तिथे अपुरा पडतो. १९९९ मध्ये श्रीनिवासन, सुभाष सुरी आणि पवईच्या आय.आय.टी.त शिकलेले जॉर्ज वर्गीस यांनी तोड सुचवली : ज्या नियमांत प्रत्येक पत्त्याचे तितकेच बिट तपासायचे असतात, ते एका गटात ठेवा आणि प्रत्येक गटाला एक हॅश-सारणी द्या. मग शोध नियमांच्या संख्येवर नव्हे, गटांच्या संख्येवर अवलंबून राहतो. पुढे ‘ओपन व्हीस्विच’ने हीच पद्धत स्वीकारली.

७/ तरीही २००१ मध्ये लिनक्ससोबत आलेले ‘आयपीटेबल्स’ नियम ओळीने, एकापाठोपाठ एक तपासत असे. यादी माणसाला वाचायला सोपी, यंत्राला महाग. १० गिगाबिटच्या तारेवर लहानात लहान पॅकेटे सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येऊ शकतात. प्रत्येकाच्या निर्णयाला मिळतात जेमतेम ६७ नॅनोसेकंद. हजार नियमांची यादी तेवढ्यात संपत नाही. निरुपयोगी पॅकेटांचा पूर आला की खऱ्या ग्राहकाचे पॅकेट दाराशीच बुडते. २०१४ मध्ये ‘एनएफटेबल्स’ लिनक्समध्ये आले आणि त्याने संच व हॅश-सारण्या नियमांच्या भाषेतच आणल्या.

८/ या साऱ्या प्रवासाचे सार वेलणकरांच्या सहा अंकांत आहे. विचार कुणीतरी, केव्हातरी करावाच लागतो. तो रचना करताना एकदाच केला, तर लाखो निर्णय स्वस्त होतात. तेव्हा टाळला, तर त्याचे मोल प्रत्येक पत्राला आणि प्रत्येक पॅकेटाला चुकवावे लागते.