अभिलेखांचे अंकीकरण

हस्तलिखिते, दप्तरे, दुर्मिळ ग्रंथ व नकाशे यांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात अंकांच्या रूपाने साठविण्याची क्रिया. ही क्रिया किती तपशिलाने व कोणत्या नोंदींसह करावी, याविषयीच्या मान्य नियमांस तांत्रिक मानके म्हणतात. मूळ कागद नष्ट झाल्यावर प्रतिमा हेच एकमेव साधन उरत असल्याने या मानकांना इतिहाससंशोधनात विशेष महत्त्व आहे.

प्रतिमा : सामान्यतः दर इंचास किमान ३०० बिंदू व प्रत्येक बिंदूस २४ द्विमान अंक, हे प्रमाण स्वीकारले जाते. या प्रमाणाने ए-४ आकाराच्या एका पानास सु. २ कोटी ६० लाख बाइट जागा लागते. मूळ प्रत टिफ या स्वरूपात, तपशील न गाळता जतन करतात व वाचकांसाठी लहान प्रत निराळी काढतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय अंकीय ग्रंथालय प्रकल्पात पुस्तकांची पाने ६०० बिंदूंनी, परंतु केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत घेतली गेली. छापील मजकुरास ही पद्धत पुरेशी असली, तरी दप्तरातील शिक्के, शाईच्या छटा व मागाहून केलेल्या दुरुस्त्या तीत लुप्त होतात. हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना झाली.

वर्णननोंद : प्रतिमेसोबत तिचा विषय, काळ, स्थळ व मूळ संग्रह यांची नोंद आवश्यक असते. डब्लिन कोअर (१९९५) हा अशा नोंदींचा सर्वपरिचित आराखडा होय. वऱ्हाडातील कागदपत्रांत स्थळाची नोंद विशेष बिकट ठरते. हिवरखेड नावाचे एक गाव अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, तर दुसरे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. तेल्हाऱ्याकडील गावे पूर्वी अकोट तालुक्यात मोडत. प्रदेशावर १८०३ पर्यंत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुअंमल होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या प्रशासनाखाली गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांतास, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे केवळ ‘हिवरखेड’ एवढीच नोंद असलेला कागद कोणत्या गावाचा, हे पुढे ठरविता येत नाही. जुना व नवा तालुका, अक्षांश-रेखांश आणि जनगणनेतील गावसंकेतांक दिल्यास हा संभ्रम टळतो.

लिपी : युनिकोड संहितेत देवनागरी १९९१ मध्ये, तर मोडी २०१४ मध्ये समाविष्ट झाली. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसण्यात भेद नसला, तरी शोध घेताना एका क्रमाने लिहिलेला शब्द दुसऱ्या क्रमाने सापडेलच असे नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र. या पंथाच्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांतील पोथ्यांबाबत तर प्रतिमा व लिप्यंतर ही दोन्ही जपणे अगत्याचे असते.

जतन : दीर्घकालीन जतनाचा आदर्श आराखडा आंतरराष्ट्रीय मानक १४७२१ (२००३) मध्ये दिलेला आहे. निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवणे, पडताळा-अंकांनी त्यांची शुद्धता तपासणे व जुनी साधने कालबाह्य होण्यापूर्वी नव्या साधनांवर त्या उतरविणे, ही व्यवहारातील मुख्य कामे होत. कसर व दमट हवा कागदाचा नाश हळूहळू करतात. संगणकीय संचिका मात्र एका बिघाडाने समूळ नाहीशी होऊ शकते. यास्तव अंकीकरणानंतरही मूळ दप्तर जपणे आवश्यक ठरते.