‘कन्व्हल्शन’चा रकाना
‘कन्व्हल्शन’ म्हणजे आपली आकडी, आचके. मूळ लॅटिन क्रियापद हिसडून उपटण्याचे. म्हणून इंग्रजीत राजकीय उलथापालथीलाही हा शब्द चालतो. मी अडखळलो तो लंडनच्या जुन्या साप्ताहिक मृत्युनोंदींपाशी. तिथे बालमृत्यूंचे कारण म्हणून तो इतका येतो, की मी बरेच दिवस ती साथच समजत होतो! जॉन ग्राँटने १६६२ मध्ये याच नोंदींवर पुस्तक लिहिले. कारण ठरवणारे वैद्य नव्हते. प्रेत पाहायला नेमलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. दुखणे तापाचे असो की हगवणीचे, घरच्यांनी शेवटी पाहिलेले झटकेच त्या सांगत असाव्यात. पुढे नुसत्या ‘अर्भकां’चा रकाना आटत गेला आणि ‘कन्व्हल्शन’चा फुगला. मुले पूर्वीसारखीच मरत होती.