कृष्णविवर सगळं गिळतं, मग हा फवारा कुठून निघतो? खोडदची दुर्बीण तेच टिपते

जोहे (ता. पेण) : गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या गनमधून फवारा कसा सुटतो, हे जोहे-हमरापूर भागात कुणाला सांगायला नको. आकाशातल्या काही कृष्णविवरांजवळूनही असेच दोन फवारे विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांना ‘जेट’ म्हणतात.

कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर येत नाही, मग हे कसं? तर फवारा आतून येत नाही, काठाबाहेरून येतो. काही कृष्णविवरांना जोडीला एक साधा तारा असतो. त्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. भोवती गरगर फिरत त्याची तबकडी बनते. ती लाखो अंश तापते आणि क्ष-किरण सोडते. म्हणून या जोडीला ‘क्ष-किरण जोडतारा’ म्हणतात. तबकडीतला थोडा वायू चुंबकीय क्षेत्राच्या जोराने बाहेर फेकला जातो, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालताना रेडिओ लहरी सोडतात.

क्ष-किरण हवेत अडतात, त्यासाठी उपग्रहच लागतो. भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ ला त्यासाठीच गेला. रेडिओ लहरी मात्र जमिनीवर पोचतात. त्या पकडणारी जीएमआरटी ही दुर्बीण आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्याही तारेच्या जाळीच्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली.

तिने पाहिलेल्यांपैकी गाजलेला जोडतारा म्हणजे ‘जीआरएस १९१५+१०५’. तो १९९२ मध्ये सापडला. १९९४ मध्ये त्याचे फवारे प्रकाशापेक्षा वेगाने पळताना दिसले! तो भास होता. वेग प्रकाशाच्या जवळपास आणि रोख थोडा आपल्याकडे असला की तसं दिसतं. इथे आणखी एक मजा आहे. तबकडीचा आतला भाग रिकामा झाल्यासारखा क्ष-किरण घटतो आणि काही मिनिटांनी रेडिओ लहरी वाढतात. म्हणजे आतला माल गेला कुठे, याचा माग लागतो.

गणपतीच्या दिवसांत ढग नसतील तर रात्री आठ-नऊला श्रवणाचा ठळक तारा डोक्याच्या थोडा दक्षिणेला दिसतो. हा जोडतारा त्याच्याच पश्चिमेला आहे, पण मधल्या धुळीमुळे डोळ्यांना दिसत नाही.

इतक्या लांबून येणाऱ्या लहरी फार क्षीण असतात. साधा मोबाईलही त्यांना झाकून टाकतो, म्हणून खोडदला जाणाऱ्यांना फोन बंद ठेवावा लागतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या मार्गालाही याच कारणाने दुर्बिणीकडून हरकत आली होती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. शाळेच्या मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे.