पवित्र टेकडीवरचा राजमठ : सांता मोनिका, जुने गोवे

जुन्या गोव्यात बॉम जीझसची बॅसिलिका पाहून बहुतेक पर्यटक परत फिरतात. जवळच्या ‘मोंते सांतो’ अर्थात पवित्र टेकडीचा चढ फार थोडे चढतात. तेथे सांता मोनिकाचा तीन मजली मठ उभा आहे.

आर्चबिशप आलेशु द मेनेझिश याने १६०६ मध्ये या मठाचा पाया घातला. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखातला नन्सचा हा पहिला मठ. १६२७ मध्ये तो पूर्ण झाला, १६३६ मध्ये आगीत जळाला आणि लगेच पुन्हा उभारला गेला. राजाश्रयामुळे त्याला ‘राजमठ’ म्हणत.

दगड येथला जांभा, धाटणी मात्र प्रबोधनकालीन युरोपची. मध्ये चौरस अंगण, भोवती कमानदार छताच्या ओवऱ्या, छतांवर वेलबुट्टी व बायबलमधील प्रसंग. तस्कन आणि कोरिंथियन स्तंभांचा अभिजात थाट. बाहेरून भिंतींना टेकू देणारे प्रचंड धिरे पाहिले, की क्षणभर किल्ल्याचाच भास होतो. सारे सौंदर्य आत वळलेले, कारण आत गेलेली स्त्री सहसा पुन्हा बाहेर येत नसे.

या स्त्रिया मुख्यतः पोर्तुगीज सरदार-व्यापाऱ्यांच्या मुली आणि विधवा. प्रवेशाच्या वेळी त्या हुंडा आणीत. तो मठाच्या मालकीचा होई. शहराच्या नगरसभेला हेच खुपले. हुंडे आणि वारसे मठात गेले, तर पोर्तुगालहून येणाऱ्या पुरुषांनी लग्ने कोणाशी करायची, अशी तिची तक्रार होती. स्त्रियांना स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न या भांडणात गौणच राहिला.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले. पुरुषांचे मठ तत्काळ रिकामे झाले. नन्सना राहू दिले, पण नव्या प्रवेशास बंदी घातली. संख्या घटत गेली आणि १८८५ मध्ये शेवटची नन निवर्तली.

समोरच ऑगस्टिनी साधूंचा मठ होता. १८३५ मध्ये तो ओस पडला. अवघ्या सात वर्षांत चर्चचे छत कोसळले. आज तेथे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचे अवशेष तेवढे उरले आहेत. सांता मोनिका वाचला, त्याचे बरेचसे श्रेय अर्धशतक तेथे दिवे लावणाऱ्या त्या वृद्ध स्त्रियांना द्यावे लागेल. पुढे तेथे सैनिकांची छावणी होती. १९६४ पासून ‘मातेर देई’ ही ननांच्या शिक्षणाची संस्था त्याच वास्तूत आहे.