प्रवरासंगमाचें राखलेलें पाणी

मिरजगावीं राहणाऱ्या माणसास पाण्याची किंमत शिकवावी लागत नाहीं. उन्हाळा लागला कीं सीनेचें पात्र उघडें पडतें, विहिरी तळ दाखवूं लागतात, आणि घरोघरचे डोळे टँकरच्या वाटेकडे लागतात. अशा गांवच्या आम्हीं पक्ष्यांसाठीं राखलेल्या पाण्याविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चैनीचें वाटेल. परंतु आमच्याच जिल्ह्याच्या ईशान्येस, नेवासे तालुक्यांत, जेथें प्रवरा गोदावरीस मिळते, तेथील इतिहास पाहिला म्हणजे ‘राखणें’ आणि ‘वापरणें’ हीं एकमेकांचीं वैरी आहेत हा समज बराच डळमळतो.

प्रवरासंगम व टोकें हीं जुनीं तीर्थें. टोक्याच्या सिद्धेश्वराच्या पायाशीं पूर्वीं वाहत्या नद्यांचा संगम होता. १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्‌घाटन केलें. तेव्हांपासून नाथसागराचा फुगवटा संगमापर्यंत येऊं लागला. प्रवरा नदीस मिळण्याऐवजीं सरोवरास मिळूं लागली. अनेक गांवें या पाण्याखालीं गेलीं, हें तिच्या नव्या रूपाचें मोल होय, आणि तें विसरून या पाण्याची स्तुति करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

नदी जेथें मोठ्या सरोवरास मिळते त्या जागेस शास्त्रज्ञ गोड्या पाण्याचें नदीमुख म्हणतात. अमेरिकेंत, ओहायो राज्यांत, ईरी सरोवरास मिळणाऱ्या ‘ओल्ड वुमन क्रीक’ नांवाच्या ओढ्याचें मुख १९८० सालीं संशोधनासाठीं राखून ठेवण्यांत आलें. तेथें समुद्राची भरती नाहीं. परंतु वाऱ्यानें सरोवराची पातळी खालींवर होते, पाणी मुखांत मागें शिरतें, आणि ओढ्यानें आणलेला गाळ तेथेंच बसतो. नाथसागराची भरती याहून निराळी, वर्षांतून एकदांच येणारी. पावसाळ्यांत पाणी चढतें आणि वैशाखापर्यंत हळूहळू ओसरतें. सरोवर सपाट मुलखांत पसरलेलें व उथळ. म्हणून पाणी हातभर उतरलें तरी काठची जमीन दूरवर उघडी होते. त्या ओल्या काठावर हिंवाळ्यांत हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चक्रवाक, करकोचे आणि रोहित येतात. त्याच काठावर शेतकरी गाळपेर करितो, आणि त्याच उथळ पाण्यांत भोई जाळें टाकतो. पक्षी, शेतकरी आणि भोई हे तिघेही एकाच ओसरत्या रेषेवर जगतात.

या पाण्याचा अभ्यास धरणाहून जुना आहे. संगमाच्या वरच्या अंगास नेवासें येथें, जेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. प्रवरेच्या कांठच्या वाळूगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसांचीं दगडी हत्यारें व प्राण्यांचे अश्म झालेले अवशेष सांपडले. वरच्या थरांत, तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत, एका बालकाच्या गळ्यांतील तांब्याचे मणी धाग्यासह टिकून राहिले होते. नदीनें टाकलेल्या गोट्यांच्या व गाळाच्या थरांवरून संशोधकांनीं ओल्या आणि कोरड्या काळांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. आमचा दुष्काळ आजचा नव्हे, ही गोष्ट आम्ही त्या थरांपासून शिकलों.

१९८६ सालीं सरकारनें नाथसागर व त्याचा काठ मिळून सुमारें ३४१ चौरस किलोमीटर प्रदेश जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. पुढल्याच वर्षापासून आशिया खंडांत दर जानेवारीस पाणपक्ष्यांची गणना होऊं लागली. अशी नोंद वर्षानुवर्षें एकाच जागीं झाली तरच पक्षी वाढले कीं घटले हें कळतें. एका हिंवाळ्याच्या पाहणीनें कांहींच सिद्ध होत नाहीं.

परंतु अभयारण्याच्या सीमा नकाशावर आखल्यानें पाणी राखलें जात नाहीं. प्रवरेवर वरच्या अंगास १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. मुळेवर, दारणेवर आणि खुद्द गोदावरीवरही धरणें झालीं. नाथसागरांत किती पाणी यावें हा नगर, नाशिक आणि मराठवाडा यांतील जुना तंटा आहे. २००५ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. २०१३ मध्यें मेंढेगिरी समितीनें वाटपाचे नियम सुचविले. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडींत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावें, असें सूत्र त्यांतून रूढ झालें. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंही समन्यायी वाटपाचें तत्त्व उचलून धरलें. या वादांत पिण्याचें पाणी, ऊंस आणि कारखाने यांच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ असतात. ओसरत्या काठाच्या बाजूनें बोलणारा क्वचितच असतो. खरें पाहतां काठ कधीं व किती उघडा पडतो, यावर पक्ष्यांचें अन्न जितकें अवलंबून आहे, तितकीच गाळपेर करणाऱ्याची ज्वारीही.

आमच्या कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें १९८० सालीं सव्वादोन चौरस किलोमीटरांचें माळरान काळविटांसाठीं राखण्यांत आलें. त्यामुळें तालुका उपाशी मरून गेला नाहीं. उलट, माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे हें आमच्या मुलांस कळूं लागलें. पाण्याच्या काठाविषयींही हेंच कळणें अवश्य आहे. सीना भीमेस जाऊन मिळते आणि प्रवरा गोदावरीस. तेव्हां संगमाचें पाणी कधीं आमच्या विहिरींत येणार नाहीं. परंतु पाण्याची पातळी, गाळ आणि पाखरें यांची दरवर्षीं धीरानें नोंद ठेवण्याची जी सवय तेथें लागली, ती आम्हांस सीनेच्या कांठींही लावून घेतां येईल. आमच्या शाळेंतील मुलांनीं पुलाखालच्या पाण्याची उंची दर अमावास्येस एका वहींत टिपावी, एवढ्यानें आरंभ करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.