तंजावरच्या दरबारातील बँड

बँड हे मूळचे सैन्याचे अंग. पलटणीने पावले टाकावीत आणि तिच्यापुढे कर्ण्यांचा व ढोलांचा घोष चालावा, अशी त्याची योजना. तंजावरच्या मराठी दरबारात मात्र पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बहरास आला तो राज्याची सत्ता हातची गेल्यानंतर. या विसंगतीतच त्याच्या इतिहासाचे मर्म आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी कावेरीकाठी स्थापन केलेल्या या राज्याचा वारसा १७८७ साली वादात सापडला. तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले होते. परंतु गादीवर आले ते अमरसिंह. बालराजपुत्राच्या संरक्षणाचा भार श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने उचलला, आणि त्याचे पुढील शिक्षण मद्रासेत झाले. १७९८ साली कंपनी सरकारने सरफोजींना गादी दिली. लगेच पुढल्या वर्षी तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला तो किल्ला, भोवतीचा थोडा परिसर, १ लाख होनांचे वार्षिक वेतन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. त्यावेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

ज्याच्या हाती फौज नाही आणि न्यायनिवाडाही नाही, अशा राजाने काय करावे? सरफोजींनी ग्रंथ जमविले, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग करविले. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत शिलांवर कोरविला, तो १८०३ साली. बँडही याच मालिकेतला आहे. हा निरुद्योगी राजाचा छंद होता, असे म्हणणे सोपे आहे. परंतु बँड उभा करण्यास काय लागते हे पाहिले, तर ते म्हणणे टिकत नाही.

आपले संगीत गुरुमुखातून येते. एक स्वरमाला असते, तिला सर्व साथीदार अनुसरतात. बँडचे तसे नाही. तेथे एकाच वेळी निरनिराळी वाद्ये निरनिराळे स्वर वाजवितात, आणि ते सर्व मिळून रचना सिद्ध होते. प्रत्येकापुढे त्याच्या वाट्याची स्वरलिपी लिहिलेली नसेल, तर मेळ बसत नाही. म्हणून वाद्ये आणविणे हा कामाचा लहान भाग. एतद्देशीय वादकांच्या अंगी नवी लिपी आणि नवी शिस्त बाणविणे, हा मोठा. सरफोजींना स्वतःलाही या संगीताची जाण होती. त्यांच्या संग्रहातील पाश्चात्त्य संगीताचे साहित्य सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाले आहे. दरबारातील वराहप्पा दीक्षित हे तर व्हायोलिन आणि पियानो या दोन्ही वाद्यांत प्रवीण म्हणून ख्यात होते.

या नव्या नादामुळे जुने काही मागे पडले नाही. ज्या राजाने बँड बाळगला, त्यानेच नृत्यासाठी मराठी पदे रचली. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर रानात फिरणाऱ्या भविष्यवादिनीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल वदविला. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्याच्या क्रमाला आकार दिला.

यांपैकी धाकटा वडिवेलू व्हायोलिनमध्ये निष्णात झाला. तो श्वार्ट्झपाशी शिकला, अशी कथा सांगतात. ती खरी असू शकत नाही. कारण श्वार्ट्झ १७९८ साली वारला, आणि वडिवेलूचा जन्म १८१० चा मानतात. हे वाद्य कर्णाटक संगीतात एकाच वाटेने आले असेही नाही. मुथुस्वामी दीक्षितांचे बंधू बाळुस्वामी ते मद्रासकडे एका युरोपीय वादकाकडून शिकले होते. स्वतः मुथुस्वामींनी पाश्चात्त्य चालींवर सुमारे ४० संस्कृत रचना बांधल्या. त्या आपल्या बिलावलाशी जुळणाऱ्या शंकराभरणात आहेत.

बँडमधील सर्व वाद्यांना हे भाग्य लाभले नाही, याचे कारण वाद्यांच्या घडणीत आहे. पियानोची पट्टी दाबली की ठरलेला एकच स्वर उमटतो. त्यातून गमक निघत नाही. व्हायोलिनच्या तारेवर बोट सरकते, स्वर डोलतो, कंठाची छाया धरतो. दक्षिणेच्या वादकांनी ते मांडी घालून, खांद्याकडून पायाकडे टेकवून वाजविण्याची रीत पाडली, आणि परके वाद्य घरचे झाले. १८३४ साली त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी वडिवेलूला हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले.

सरफोजी १८३२ साली निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली पुत्रावाचून वारले, तेव्हा कंपनीने राजपदच रद्द केले आणि राजवाड्यातील चीजवस्तू ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ साली तेथे तो फेटाळला गेला. राजाश्रयावर पोसलेल्या कलावंतांना मद्रास, म्हैसूर, त्रावणकोर अशा वाटा धराव्या लागल्या.

राजवाड्याच्या पैशावर चालणारा बँड राजवाड्याबरोबरच निराधार झाला. परंतु वादकांच्या बोटांत उतरलेली विद्या जप्त करता आली नाही. ती कलावंतांबरोबर गावोगाव गेली. आणि आज दक्षिणेत क्वचितच एखादी गाण्याची बैठक अशी असेल, की जिच्यात गायकाच्या शेजारी व्हायोलिन नाही.